देवीच्या पायरीवर ठेवलेली लेक

हा अनुभव लिहावा की नाही, या विचारात माझी दोन-तीन वर्षं गेली. इतरांचे अनुभव मी वाचते. त्यांत माणसं संकटात देवाला हाका मारतात, रडतात, नवस बोलतात आणि मग देव धावून येतो. माझ्या गोष्टीत मी हाक मारलीच नव्हती. उलट त्या दिवसांत कोणी देवाचं नाव काढलं की मला चीड यायची. अशा बाईने भक्तीचा अनुभव सांगायचा म्हणजे उपास न करता पारणं फेडायला बसण्यासारखं आहे. पण माझी थोरली लेक आता बारा वर्षांची झाली. शाळेत तिचं नाव वेगळं आहे, घरात आम्ही तिला कोंडू म्हणतो, आणि ते तिला मुळीच आवडत नाही. परवा ती फुरंगटून म्हणाली, "आई, कोंडू हे काय नाव आहे? जनावराला घालतात त्या कोंड्यावरून माणसाचं नाव ठेवतात का कोणी?" तिला तेव्हा मी काहीतरी सांगून गप्प केलं. खरं सांगायला जीभ रेटली नाही. म्हणून लिहिते आहे. मोठी झाली की वाचेल.

आमचे आजे-पणजे फार पूर्वी फौजेच्या मागोमाग बंगळूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असं आमचं चालतं. लग्न होऊन मी चामराजपेटेत आले ती एका वठारात. वठार म्हणजे एका अंगणाभोवती दहा-बारा खोल्या, मधे एक आड, एक नळ, आणि नळावरची भांडणं. आमच्या खोलीत आम्ही तिघं होतो. माझे मालक, म्हणजे नवरा, मार्केटजवळच्या एका दुकानात शिलाईच्या मशीनवर बसत. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या आणि मी घरी ऊदबत्त्या वळत असू. वठारातल्या बहुतेक बायका तेच काम करत. कोळशाच्या भुकटीचा काळा लगदा, बांबूच्या काड्या आणि समोर एक पाट. दिवसभर हात काळे. आमच्या हातच्या ऊदबत्त्या कुठल्या कुठल्या देवळांत जळत असतील, याचं मला लग्नानंतर पहिली दोन वर्षं फार अप्रूप वाटे.

पहिला मुलगा झाला आणि चौथ्या महिन्यात तापाने गेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. वर्षा-दीड वर्षाने ही मुलगी झाली. चांगली गुबगुबीत, डोकंभर जावळ. आत्याबाईंनी तिला पाहिलं आणि तिच्या दोन्ही गालांना काजळाचे टिपके लावले, एकाने भागेल असा त्यांना भरवसा नव्हता. सगळ्यांना आनंद झाला. मलाही होईल म्हणून मी वाट पाहत राहिले.

तो झालाच नाही. पोर रडली की मला ऐकू यायचं, पण शेजारच्या खोलीत कोणाचं तरी मूल रडतंय असं वाटायचं. दूध होतं, ती पीत होती, आणि मी वरच्या कौलांकडे बघत पडलेली असे. तिला अंघोळ घालताना आत्याबाई कौतुकाने काय काय बोलत, मला हसावंसं वाटायचं नाही. रडूही येत नव्हतं. भात तोंडात घोळत राहायचा. केस विंचरायचे तर हात वर उचलवत नसे. दिवसा झोप येत नव्हती, रात्रीही नाही. आणि या सगळ्याच्या वर एक विचार सतत ठाण मांडून बसलेला, की आई असून ज्या बाईला आपल्या लेकराबद्दल काहीच वाटत नाही, ती बाई नसून कोणीतरी राक्षसीण असली पाहिजे. हे मी कोणाजवळ बोलणार? मालक एकदा जेवताना हळूच म्हणाले, "तुला काय होतंय गं? काही तरी सांग." मी म्हणाले, "कुठे काय?" ते बिचारे भात चिवडत राहिले. दुसऱ्या दिवशी येताना गजरा घेऊन आले. तो मी खुंटीला अडकवला आणि तिथेच सुकला.

आता एक कबुली देते. वठारात दरसाल दोन-तीन बाळंतपणं होत. तिसऱ्या आठवड्यात बाई पुन्हा ऊदबत्तीच्या पाटाशी बसलेली असे, कारण बसल्याशिवाय चालत नसे. त्यातली एखादी गप्प होई, एखादी आल्यागेल्यावर खेकसे, एखादी मूल रडून निळं पडलं तरी हलत नसे. गप्प झालेलीला आम्ही अशक्त म्हणायचो, खेकसणारीला आगाऊ आणि न हलणारीला आळशी. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी समोरच्या खोलीतली एक बाळंतीण अशी बसलेली पाहून मी मोठ्या शहाणपणाने तिला चार शब्द सुनावले होते. माझ्यावर तीच पाळी आली तेव्हा तिचा चेहरा आठवला. ती तोवर खोली सोडून गेली होती. माफी मागायची राहून गेली.

आत्याबाई प्रेमळ, पण त्यांचं प्रेम धांदरट. त्यांनी माझी दृष्ट काढली, धुरी दिली, डिंकाचे लाडू केले, बाळंतवात आहे म्हणून कानात कापूस घातला. प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंना विचारून आल्या. त्या म्हणाल्या, अशक्तपणा आहे, पालेभाजी द्या. मग आठवडाभर पालेभाजी. एकच गोष्ट मला थोडी सावरू शकली असती, ती म्हणजे रोज संध्याकाळी देवापुढे लावायचा दिवा. लहानपणापासून ते माझं काम. पण बाळंतिणीने सव्वा महिना देवाला शिवायचं नाही, हा घरचा नियम. दिवा आत्याबाई लावत आणि मी भिंतीकडे तोंड करून पडे. पुढे पुढे मला वाटायला लागलं की मला वगळून देवाचं छान चाललंय. मग मीही त्याचा नाद सोडला.

अंगणातला आड माझ्या डोक्यात कधी शिरला ते सांगता येणार नाही. पाणी शेंदायला मला पाठवत नव्हते, तरी मी काहीतरी निमित्त काढून तिकडे जाऊन उभी राहायची. मनात फार काही येत नसे. एवढंच वाटे की पोरीला सांभाळणारी एखादी धड बाई मिळाली की आपण मोकळ्या. आत्याबाई वयस्क, त्यांच्या अंगावर टाकून जायला जीव धजत नव्हता. पोरीबद्दल काही वाटत नव्हतं म्हणाले ना, मग तिची सोय का बघत होते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

ती सोय आत्याबाईंनीच आणली. आमच्यात एक जुनी चाल आहे. एक मूल गेलं असेल तर पुढच्या मुलावर कोणाची नजर पडू नये म्हणून ते आपलं नाहीच असं दाखवायचं. सव्वा महिना झाला की मुलाला सुपात घालून देवळाच्या पायरीवर ठेवायचं. आईने देवासमोर तीनदा म्हणायचं, "हे लेकरू माझं नाही, ज्याला हवं त्याने घ्यावं." मग जिची सगळी मुलं जगली आहेत अशा एखाद्या बाईने ते उचलायचं. लेकरू तिचं झालं. आईने तिच्याकडे जाऊन विचारायचं, "बाई, लेकरू विकतेस का?" ती म्हणणार, "विकते." आईने पसाभर कोंडा तिच्या पदरात घालायचा आणि मूल घेऊन घरी यायचं. इतक्या फुटकळ किमतीचं मूल कोण नेतंय, अशी त्यामागची समजूत. मुलाचं नाव मग कोंडू किंवा कोंडिबा. सगळं मिळून पाव घटकेचं काम.

आमची देवी तुळजापूरची. तिथवर जायची ऐपत कोणाची? आत्याबाई म्हणाल्या, "देवी ती देवी. आपल्या गल्लीच्या टोकाची मारम्मा काय परकी आहे?" मारम्माचं देऊळ म्हणजे कडुनिंबाखाली एक लहानशी खोली, पुढे दगडी ओटा, तीन पायऱ्या. पायरीशी मुनियम्मा नावाची फूलवाली बसे. पन्नाशीची, अंगाने भरलेली, दोन्ही नाकपुड्यांत चमकी आणि पानाने लाल झालेले दात. काकडा आणि अबोलीचे गजरे केळीच्या सोपटात गुंफून हाताच्या मापाने विकायची. तिला पाच मुलं, पाचही जिवंत. आत्याबाईंनी आधीच जाऊन तिला ठरवलं. मी तिला येता-जाता पाहिलेली होती, यापलीकडे ओळख नव्हती. पण तिची पाच मुलं ऐकून मला बरं वाटलं. पाचांत सहावं खपून जाईल, असा माझा हिशेब. सूप एकदा तिच्या ओटीत गेलं की मी घरी परतायचं ते आडाशी, हे मी ठरवूनच निघाले होते.

मंगळवारी सकाळी आम्ही गेलो. मालकांनी सूप धरलं होतं. चालताना ते मधेमधे आत बघून काहीतरी पुटपुटत होते. पोरीशी बोलत असावेत. सूप पायरीवर ठेवलं. गाभाऱ्यात मारम्मा, हळदीने माखलेली, मोठे डोळे. सव्वा महिन्यानंतर मी पहिल्यांदा देवासमोर उभी होते आणि नमस्कार करावा हेसुद्धा सुचलं नाही. मी सरळ तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तीनदा म्हणाले, "हे लेकरू माझं नाही, ज्याला हवं त्याने घ्यावं." खणखणीत आवाजात म्हणाले. आत्याबाईंना समाधान वाटलं असणार, विधी नीट झाला म्हणून. मला एवढंच आठवतं की कित्येक दिवसांत पहिल्यांदा मी कोणाशी तरी खरं बोलले होते.

मुनियम्माने पोर उचलली, छातीशी धरली. माझी पाळी होती. मी नुसतीच उभी. आत्याबाईंनी कोपर मारलं तेव्हा म्हणाले, "लेकरू विकतेस का?"

मुनियम्मा माझ्याकडे बघत राहिली. मग कन्नडमध्ये म्हणाली, "नाही विकत."

आत्याबाईंना वाटलं बाई विसरली. "अगं, विकते म्हणायचं. सांगितलं होतं ना तुला?"

"ठाऊक आहे. नाही विकत. माझं मूल आहे, माझी मर्जी."

"अय्यो! हे काय नवीन? कोंडा आणलाय, हा बघ."

मुनियम्माने कोंड्याची पुरचुंडी घेतली, सोडली आणि शेजारी बांधलेल्या आपल्या शेळीपुढे ओतली. "शेळीने घेतला. मी नाही घेतला. स्वल्प दिवस राहू दे."

आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. भांडावं तर कशाच्या जोरावर? लेकरू तिचं झालं, हे त्यांच्याच नियमाने झालेलं. तो नियम खोटा म्हटला तर नजर टळली हेही खोटं. आपल्याच दोरीत पाय अडकलेल्या त्या बाई मालकांकडे बघायला लागल्या. मालक म्हणाले, "मी काय बोलू? बायकांच्या चाली."

मग मुनियम्माने हुकूम सोडायला सुरुवात केली. पोर तिची, पण तिला पाजायला दाई हवी. ती दाई म्हणजे मी. पोर आमच्या घरी पाहुणी म्हणून राहील. रात्री आत्याबाईंनी तिला आपल्या कुशीत घ्यायचं, दाईजवळ फक्त पाजायला द्यायचं. दाईला गरम गरम जेवायला घालायचं, ऊदबत्तीच्या पाटाला हात लावू द्यायचा नाही, आडाकडे एकटीला सोडायचं नाही. आड कुठून आला तिच्या तोंडात, कोण जाणे. आणि दुपारचं जेवण झालं की दाईने पोरीला घेऊन देवळात यायचं. "माझ्या मुलाचं दूध आटलं तर मी तुम्हाला विचारीन, आक्का," असं तिने आत्याबाईंना बजावलं. आत्याबाई म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं. आयुष्यात त्यांनी इतक्या थोडक्यात कोणाचं ऐकलं असेल असं वाटत नाही.

परत येताना पायांत जरा बळ वाटलं. आई म्हणून माझ्याकडून जे जे व्हायला हवं होतं त्याचं ओझं एकदम खाली उतरलं होतं. दाईला प्रेम वाटलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. दूध पाजलं की तिचं काम झालं. तेवढं तर मला येत होतं. आणि आडाचं काय, तर दाई मेली तर पोर उपाशी राहील आणि मुनियम्मा येऊन वठार डोक्यावर घेईल, असं काहीतरी वेडंवाकडं मनात आलं. त्या दिवशी आडाशी जायचं राहिलं. पुढे रोजच राहत गेलं.

रोज दुपारी मी जाऊ लागले. आत्याबाई न चुकता माझ्या पदराला कोंड्याची पुरचुंडी बांधून देत, आज तरी विकेल या आशेने. मुनियम्मा पोर घेई, त्याच सुपात निजवी, कोंडा शेळीला घाली, आणि मला म्हणे, "झोप जा, मगळे." मगळे म्हणजे मुली. माझी आई मी सासरी येण्याआधीच गेलेली, त्यामुळे मला असं कोणी म्हणून बरीच वर्षं झाली होती. देवळाच्या ओट्यावर दगड थंडगार असायचा. पहिले दोन-तीन दिवस मी नुसती डोळे मिटून पडले. चौथ्या दिवशी झोप लागली ती अशी की मुनियम्माने पाणी शिंपडून उठवलं. पुजाऱ्याने एकदा कुरकुर केली, देऊळ काय धर्मशाळा आहे का म्हणून. मुनियम्मा म्हणाली, "आईच्या घरी लेक झोपली तर तुमचं काय जातं?" मी झोपायची तिथून गाभारा समोर दिसे. मी देवीला हात जोडत नव्हते, तीही काही म्हणत नव्हती. आमचं बरं चाललं होतं.

घरी आत्याबाईंचा कारभार पाहण्यासारखा होता. मुनियम्माला जाब द्यायचा म्हणून त्या मला नाचणीचे मुद्दे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आणि गरम सार समोर बसून खाऊ घालत. "जेव बाई जेव, ती भवानी उद्या मला विचारील." मालकांनी पोरीसाठी साडीची झोळी बांधली होती, कामावरून आले की तिच्याजवळ बसून दिवसभर कोणाचं माप चुकलं ते तिला सांगायचे. मी ऐकत पडे. एके दिवशी कोणा गिऱ्हाइकाच्या दोन बाह्या वेगवेगळ्या लांबीच्या झाल्याचं ते तिला गंभीरपणे सांगत होते, आणि मला हसू आलं. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. पोरीने नसेल पाहिलं, पण मला तसं वाटलं खरं.

चमत्कार कुठल्या दिवशी झाला असं विचारलं तर मला बोट ठेवता येत नाही. भाताला चव आली. एकदा रडू आलं आणि दुपारभर येतच राहिलं. मुनियम्मा गजरे गुंफत राहिली, थांब म्हणाली नाही. पोरीच्या डाव्या कानामागे एक तीळ आहे, तो मला दिसला. इतके दिवस मी तिला पाजत होते आणि तो मी पाहिलाच नव्हता. मग उजव्या कानामागे आहे का ते बघितलं. नव्हता. मुनियम्मा तिरप्या नजरेने सगळं बघत असणार.

असे तीन आठवडे जवळजवळ गेले असतील. एका दुपारी मी ओट्यावर पडले होते, अर्धवट झोपेत. देवळासमोर एक जटका, म्हणजे घोडागाडी, थांबला आणि चांगल्या घरातल्या एक बाई फुलं घ्यायला उतरल्या. गजरे मापून घेता घेता त्यांचं सुपाकडे लक्ष गेलं.

"किती गोड मूल! कोणाचं गं, मुनियम्मा?"

"माझंच की."

"या वयात?" त्या बाई हसल्या. मग वाकून नीट बघत म्हणाल्या, "पण खरंच बाई, तुझ्यासारखंच दिसतं. नाक तर अगदी तुझं."

मी ताडकन उठून बसले. अंगातून आग निघाली. मुनियम्माचं नाक म्हणजे चांगलं भल्या थोरल्या भज्यासारखं, आणि माझ्या पोरीचं नाक सरळ, माझ्या आईसारखं, माझ्यासारखं. मी ओट्यावरून ओरडले, "नाक माझं आहे! मुलगी माझी आहे! तिची कशाची?" पदर कुठे, केस कुठे. पायऱ्या उतरून मी सुपातून पोर उचलली आणि छातीशी घट्ट धरली. ती दचकून रडायला लागली, मीही रडायला लागले, आणि माझी चोळी दुधाने भिजून गेली. त्या सभ्य बाई फुलं तिथेच टाकून जटक्यात जाऊन बसल्या. बहुधा त्यांना मी वेडी वाटले असेन. आतापर्यंत खरोखर वेडी होते तेव्हा कोणाला वाटले नव्हते.

मुनियम्मा हात पसरून म्हणाली, "कोणाची म्हणालीस?"

"माझी."

"मग विचार की."

मी हुंदके देत विचारलं, "लेकरू विकतेस का?"

"विकते." तिने माझ्या पदराची गाठ सोडून पुरचुंडी काढली. शेळीने सवयीने मान पुढे केली, तिला तिने हाताने बाजूला सारलं आणि कोंडा आपल्या पदरात बांधून घेतला. मग माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि डोळे पुसले.

नंतर कितीतरी दिवसांनी मी तिला विचारलं, तुला पहिल्याच दिवशी कसं कळलं? ती म्हणाली, "या पायरीवर मी वीस वर्षं बसते. असली सुपं किती पाहिली. हे लेकरू माझं नाही म्हणताना प्रत्येक आईची जीभ अडखळते. कोणी तीनदाच्या जागी दोनदाच म्हणते, कोणी मधेच रडते, कोणी देवीला खुणेने सांगते की हे खोटं हं. तू तीनदा म्हणालीस आणि आवाज हलला नाही. मला वाटलं, ही खरंच ठेवून चालली." मग पान चघळत म्हणाली, "माझ्या तिसऱ्या खेपेला मीपण अशीच होते. माझ्या सासूने मला दोन महिने निजवून ठेवलं होतं. पण नाही विकत म्हणायचं मी काही ठरवलं नव्हतं हं. विकते म्हणायलाच तोंड उघडलं. मारम्माने आतून दुसरंच बोलवलं." एवढं म्हणून ती गिऱ्हाइकाकडे वळली.

ते मारम्माने बोलवलं की मुनियम्माच्या शहाणपणाने, यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. मालक म्हणतात मुनियम्मा. आत्याबाई अखेरपर्यंत म्हणायच्या की ती त्यांच्या कोंड्याची पुण्याई. मला स्वतःला या दोघींना वेगळं करता येत नाही. मारम्माला हात जोडते तेव्हा डोळ्यांसमोर लाल दात येतात, आणि मुनियम्माच्या घरी गेले की चपला लांब काढाव्याशा वाटतात. तिचे गुडघे आता धरले आहेत, ती पायरीवर बसत नाही. दर मंगळवारी मी तिच्या पायांना तेल लावून देते. कोंडू तिला अज्जी म्हणते आणि ती कोंडूला अजून सांगते, "तुला मी फार स्वस्तात सोडली."

त्यानंतर वठारात मी डोळे उघडे ठेवून वागते. मधल्या वर्षांत तीन बायका अशा भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मला दिसल्या. त्यांना मी अशक्त म्हणाले नाही, आळशी तर नाहीच. त्यांची मुलं उचलून माझ्या खोलीत आणली आणि म्हटलं, तू झोप, हे सध्या माझं आहे. दोघी पंधरा-वीस दिवसांत मूल मागायला आल्या. तिसरीला फार वेळ लागला, तिला मी डॉक्टरीणबाईंकडेही नेलं, पण तीही आली. मागायला येते तेव्हा बाई जरा रागातच असते. मला त्या रागाची फार माया वाटते.

लोक म्हणतात, देवापुढे शरण जावं. मला वाटायचं, शरण जायचं म्हणजे हात जोडून, गोड बोलून, भरल्या डोळ्यांनी जायचं. माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. माझ्याजवळ त्या दिवशी एक नकार होता, तोच मी देवीच्या तोंडावर सांगितला, आणि तिने तो रागावून परत केला नाही. मला नको होतं ते तिने माझ्यासाठी सांभाळून ठेवलं. कोंडू, तुझ्या आईने तुला एकदा खरोखर टाकलं होतं बाळ, हे तुला कोणा दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळावं. आणि एकदा तुला मागून घेतलं, तेही तितकंच खरं. इतर बायकांनी जन्म दिला की मूल त्यांचं होतं. मला ते देवीच्या हातून मिळालं, म्हणून तुझ्याकडे बघताना माझे हात आपोआप जोडले जातात.